निम्मे ग्रॅज्युएट बिनकामाचे? जरा थांबा

आपल्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरून राहिला: "निम्मे ग्रॅज्युएट नोकरीच्या लायकीचे नाहीत, सरकारनंच मान्य केलं, पोरांना सोशिऑलॉजी-पॉलिटिकल सायन्समधून काढा अन् स्किल कोर्सला टाका." मी बीएच्या पोरांना शिकवतो, म्हणून बोलतो.

आधी तो आकडा. ५१.२५ टक्के तरुण नोकरीलायक, हे केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत आहेच. पण सरकारनं स्वतः कोणाची परीक्षा घेतलेली नाही, आकडा इंडिया स्किल्स रिपोर्टमधून उचललेला, तो व्हीबॉक्स नावाच्या कंपनीनं काढलेला अन् व्हीबॉक्सचा धंदाच ऑनलाइन टेस्टचा. खोटा आहे असं म्हणत नाही मी, पण कोणी मोजलं, काय मोजलं हे विचाराल की नाही? त्यात इंजिनिअर, एमबीएवाले सगळे आले, एकटे बीएवाले नाहीत. अन् दहा वर्षांत हा आकडा साधारण ३४ वरून ५१ वर आला हे पण त्याच पाहणीत लिहिलंय, फॉरवर्डवाल्यानं ते बरोबर गाळलं.

"शिकलेलेच जास्त बेरोजगार." खरं आहे. पीएलएफएस म्हणजे सरकारच्या रोजगार सर्वेत २०२२-२३ ला ग्रॅज्युएटांची बेरोजगारी १३.४ टक्के होती, निरक्षरांची त्याहून फारच कमी. पण काहून? इतवारीत हमाली करणाऱ्याला घरी बसून जाहिरातीची वाट पाहणं परवडतच नाही, मिळंल ते काम करतो, झाला तो कामावर. ज्याच्या बापाला पेन्शन आहे तो एमपीएससीसाठी दोन वर्षं थांबतो अन् नोकरी शोधतो असं सांगितलं की बेरोजगारात मोजला जातो. यावरून शिक्षण वाया गेलं असं कसं निघतं?

"लायक व्हा, नोकरी मिळते." दहा जागांना हजार अर्ज असले अन् हजारही जण कोर्स करून आले तरी जागा दहाच राहतात, फक्त रांगेतले नंबर बदलतात बाप्पा.

सोशल सायन्सला स्कोपच नाही, हेही अर्धवट. सर्वे, एनजीओ, सीएसआर म्हणजे कंपन्यांची समाजकामं, एचआर, कामं आहेत, पण बरीच कंत्राटी अन् सुरुवातीचा पगार कमीच, हे पोरांपासून लपवू नये.

आता तो स्किल कोर्स. सीताबर्डीवर '१०० टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड दिसला तर आत जाऊन विचारा, शंभर टक्के कोणाचे, ॲडमिशन घेतलेल्यांचे का शेवटी प्लेसमेंटला नाव दिलेल्यांचे? हातात पगार किती, सहा महिन्यांनी टिकले किती? अन् हेच प्रश्न बीएच्या कॉलेजलाही विचारा, मी पाहिलेल्या कॉलेजांत तर अशी यादीच कोणी ठेवत नाही.