बंद पडत चाललेली हार्ड डिस्क फ्रीजमध्ये ठेवू नका

गेले काही आठवडे सोलापुरातल्या बऱ्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "हार्ड डिस्क खराब झाली? दुकानदाराला हजारो रुपये देऊ नका" अशी त्याची सुरुवात. मग उपाय: डिस्क पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, चेकडिस्क (विंडोजमधला डिस्क तपासणारा प्रोग्राम) चालवा, फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, तरी जमलं नाही तर डिस्क उघडून साफ करा किंवा त्याच मॉडेलचा सर्किट बोर्ड बसवा. आणि पुढच्या वेळी एसएसडी (आत फिरणारी तबकडी नसलेली डिस्क) घ्या, म्हणजे कटकट मिटली.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे माझ्या धंद्यावर गदा येते म्हणून मी बोलतोय असं कुणाला वाटेल. पण हे उपाय करून आलेली डिस्क माझ्यासाठी काम वाढवते आणि गिऱ्हाइकाच्या हाती कमी देते. यात माझा काहीच फायदा नाही.

मागच्या महिन्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरींचे एक डिझायनर आले. हातात स्टीलचा डबा, डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क. "दादा, गार आहे तोवरच लावा की ओ," म्हणाले. पिशवी उघडली तर केबल लावायच्या पिनांमध्ये पाण्याचे थेंब. मी ती लावली नाही.

फ्रीजरची गोष्ट अगदीच हवेतली नाही. जुन्या काही डिस्कमध्ये हेड, म्हणजे माहिती वाचणारा आणि लिहिणारा भाग, माहिती साठवणाऱ्या तबकडीला चिकटून बसायचं, किंवा तापून एखादा भाग फुगायचा, आणि गारठवल्यावर दहा-पंधरा मिनिटं डिस्क चालायची. तेवढ्यात कुणाच्या फाइल्स निघाल्या आणि हा उपाय अमर झाला. आता आकडे बघा. बहुतेक डिस्कच्या माहितीपत्रकात बंद अवस्थेत उणे ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, म्हणजे बंद असताना फ्रीजरचे उणे १८ तिला झेपतात. पण चालू अवस्थेची मर्यादा साधारण ० ते ६० अंश असते, आणि दोन्हीकडे एक अट असते: बाष्प धरता कामा नये. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर नेमकं तेच होतं. कुणी म्हणेल, आपल्याकडे मे महिन्यात ओठ फुटतात एवढी कोरडी हवा, पाणी कुठून धरणार? तर ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असतानाही सुमारे १३ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. फ्रीजमधली ताकाची बाटली ओट्यावर ठेवून बघा. तोच ओलावा डिस्कच्या आत तबकडीवर धरला आणि वर हेड फिरलं, तर पुढे कुठल्याही दुकानात नेऊन उपयोग नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात डिस्क तापते हे खरं, पण त्यासाठी कॉपी चालू असताना टेबलफॅन समोर ठेवला की भागतं.

मेसेजमधला चेकडिस्कचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो सगळ्यात साळसूद दिसतो. चेकडिस्क फाइल वाचवायला बनवलेलंच नाही. दुरुस्तीला लावलं की डिस्क धडधाकट आहे असं धरून ते फाइल्सची नोंदवही जुळवतं, म्हणजे त्याच डिस्कवर लिहितं. ज्या नोंदी जुळत नाहीत त्यांचे तुकडे एका फोल्डरमध्ये नाव नसलेल्या फाइल्स करून टाकतं. खराब सेक्टर (डिस्कवरचे बारीक कप्पे) शोधायला सांगितलं तर डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचायला घेतं. १ टीबीची चांगली डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगानं पूर्ण वाचायलाही पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्क त्याच खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत दिवसच्या दिवस घालवते. अशा डिस्कमध्ये आता मोजकंच वाचन उरलेलं असतं. ते सगळं फाइल्स बाहेर काढण्यात खर्ची पडलं पाहिजे, दुरुस्तीत नाही. विंडोज सुरू होताना आपणहून तपासणी करायला लागलं तर लगेच कुठलीही की दाबून ती टाळा. "फॉरमॅट करा" असं विचारलं तर रद्द करा.

फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. डिस्क ठणठणीत असेल आणि फाइल चुकून डिलीट झाली असेल तर रेकुवा किंवा फोटोरेक चांगलं काम करतात; फोटोरेक तर मी रोज वापरतो. मात्र ते त्याच डिस्कवर उतरवून तिथंच इन्स्टॉल केलं, तर हरवलेल्या फाइलच्या जागेवर तुम्हीच दुसरं काहीतरी लिहून बसता. मरणाऱ्या डिस्कवर ते थेट चालवणं म्हणजे पुन्हा तोच प्रकार, तासन् तास वाचन. आधी पूर्ण प्रत काढायची, मग प्रतीवर हवे ते प्रयोग करायचे.

उघडून साफ करण्याबद्दल काय सांगू. लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० आणि डेस्कटॉपची बऱ्याचदा ७२०० फेरे मारते, आणि हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० हजार नॅनोमीटर. टॉवेलच्या कारखान्यात हवेत उडणारा सुताचा एक तंतू त्या हेडपुढे डोंगर आहे. म्हणूनच हे काम खास गाळलेल्या हवेच्या खोलीत करतात. घरी उघडलेली डिस्क प्रयोगशाळेत नेली तरी तिथला खर्च वाढतो आणि आशा कमी होते.

बोर्ड बदलायचा उपाय फार जुन्या डिस्कसाठी होता. आताच्या बोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये त्याच एका डिस्कच्या हेडची मापं साठवलेली असतात. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डवर नेल्याशिवाय दुसरा बोर्ड सहसा चालत नाही.

एसएसडी वेगवान असते, आपटली तरी बहुधा वाचते. पण ती जाते तेव्हा अनेकदा टकटक न करता, एका क्षणात जाते. शिवाय फाइल डिलीट झाली की ट्रिम नावाची सोय ती जागा खरोखर रिकामी करून टाकते, मग फोटोरेकलाही सहसा काही सापडत नाही. कटकट मिटत नाही, तिचं रूप बदलतं.

मग करायचं काय? टकटक किंवा खरडल्यासारखा आवाज येत असेल तर त्याच क्षणी वीज बंद करा आणि पुन्हा एकदाही चालू करून बघू नका. अशी डिस्क पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवायची. आधी विचारून घ्या की फाइल्स निघाल्या नाहीत तर पैसे किती. आवाज नसेल, नुसती हळू चालत असेल, मध्येच अडकत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग (वाचताना अडलेले) सेक्टरचे आकडे बघा. ते वाढत असतील तर त्या डिस्कवरून विंडोज चालवणं थांबवा. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) टाकलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क जोडा आणि पूर्ण डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू वापरा. फुकट आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा आली की उडी मारून पुढं जातं आणि कुठलं काय राहिलं याचा नकाशा लिहून ठेवतं. अवघड जागांवर शेवटी परत येतं. लाईट गेली तरी त्या नकाशामुळे काम राहिलं तिथूनच सुरू होतं, आणि आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही. आजारी डिस्क कुठली आणि रिकामी कुठली हे मात्र दोनदा तपासा. इथं उलटसुलट झालं तर सगळं पुसलं जातं. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर ४८ आकडी की आधी शोधून ठेवा, नाहीतर प्रत निघूनही कुलूप उघडणार नाही.

त्या डिझायनरची डिस्क मी दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवली. मग डीडीरेस्क्यू लावलं. तीन रात्री चाललं, मध्ये दोनदा लाईट गेली. डिस्कचा बहुतेक भाग आला, पण त्यांनी फ्रीजरच्या आधी घरी चेकडिस्क चालवलं होतं. जॅकार्ड मागावर विणायच्या जवळजवळ चारशे डिझाइनची नावं गेली होती, नुसते नंबर उरले होते. पूर्वी मागाला लावायचं डिझाइनचं पुठ्ठ्याचं एक कार्ड फाटलं तर तेवढंच पुन्हा पाडता यायचं, असं ते त्या संध्याकाळी म्हणाले.

मी फाइल्सच्या नावांना बीएमपी हे चित्राच्या फाइलचं शेपूट लावून दिलं आणि ते माझ्या खुर्चीवर बसून एकेक उघडू लागले. हा मोर मोठ्या पन्ह्याचा, ही वेल दोन रंगांतली, हे कमळ वडिलांनी काढलेलं. रात्री साडेदहापर्यंत अडीचशेच्या वर नावं लागली. काही उघडल्याच नाहीत. त्यांच्या जुन्या चादरी गोदामातून काढून, अंथरून, भिंगानं धागे मोजत ते ती डिझाइन पुन्हा काढतायत.