एका सभेने चर्च बाटत नाही

‘चर्चमध्ये मैफल किंवा सभा झाली की त्याचं पावित्र्य कायमचं जातं, पुन्हा प्रार्थना करता येत नाही,’ असा संदेश फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि भाविकांना विनाकारण धास्तावणारा आहे.

कॅथलिक धर्मसंहितेचं कलम १२१० सांगतं की पवित्र जागा उपासनेसाठीच. मात्र जागेच्या पावित्र्याशी विसंगत नसलेल्या इतर वापराला बिशप त्या-त्या प्रसंगापुरती परवानगी देऊ शकतात. चर्चचं अर्पण, म्हणजे विधीने उपासनेला वाहिलेलं असणं, संपतं ते इमारत बहुतांशी उद्ध्वस्त झाली किंवा कायमची लौकिक वापराला दिली तर (कलम १२१२). एका संध्याकाळच्या कार्यक्रमाने नव्हे.

मैफलींबद्दल व्हॅटिकनने १९८७ मध्ये काढलेलं पत्र मुळातून वाचावं असं आहे. प्रवेश विनामूल्य आणि सर्वांना खुला. वादक-गायक वेदीच्या भागात बसणार नाहीत. पवित्र साक्रामेंत (ख्रिस्तशरीर मानलेली अभिमंत्रित भाकर) शक्यतो बाजूच्या चॅपेलमध्ये नेऊन ठेवायचं. इतकी काळजी घ्यायला सांगितली आहे, म्हणजे दारच बंद केलेलं नाही!

प्रॉटेस्टंट पंथांचे नियम वेगळे आहेत. पण १८४८ मध्ये जर्मन राष्ट्रीय सभा भरली ती फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्शं या प्रॉटेस्टंट चर्चमध्येच. ब्रिटनमध्ये काही चर्चमध्ये आजही मतदान केंद्रं असतात.