ट्रम्पेटवाल्याची बायको कोण होती?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, म्हणून आता उत्तर लिहायला बसले आहे.

कुमारवयीन वाचकांसाठीच्या ऐतिहासिक प्रेमकथांत हल्ली कृष्णवर्णीय नायक, आशियाई नायिका, एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या मुली भेटतात, याचं मी लेखात कौतुक केलं होतं. तुमचं म्हणणं असं की जुन्या इंग्लंडात अशी माणसं नव्हतीच. असलीच तर त्यांच्या वाट्याला सुख आलं नाही. आणि सोळाव्या वर्षी मुलींची लग्नं उरकायची, तिथे नायिका ‘मला वेळ हवा’ कसं म्हणेल?

आधी ‘नव्हतीच’चं बघू. जॉन ब्लँक हा सातव्या आणि नंतर आठव्या हेन्रीच्या दरबारातला कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक. १५०७ च्या दरबारी हिशेबात त्याचा पगार सापडतो, रोजचे ८ पेन्स. १५११ मध्ये राजपुत्र जन्मला म्हणून वेस्टमिन्स्टरला खेळ झाले. त्यांची सुमारे १८ मीटर लांबीची चित्रगुंडाळी आजही आहे आणि तिच्यात हा दोनदा दिसतो, घोड्यावर, तोंडाला ट्रम्पेट, डोक्याला फेटा. नव्या राजाकडे त्याने अर्जही केला, की मला इतर वादकांइतका पगार द्या. मंजूर झाला! १५१२ मध्ये त्याचं लग्न झालं तेव्हा राजाने आहेर केला, जांभळ्या कापडाचा झगा आणि टोपी. वधूचं नाव मात्र नाही. हिशेबनीसाला कापडाचा रंग लिहावासा वाटला, तिचं नाव नाही. कोण होती ती? घरच्यांनी होकार कसा दिला, की दिलाच नाही? कादंबरीकाराने ठाण मांडावं अशी जागा मला तरी याहून चांगली दिसत नाही.

सुखाबद्दल. पाटण्यात जन्मलेला दीन महोमेद १७८४ च्या सुमारास आयर्लंडला गेला आणि १७८६ मध्ये जेन डेली नावाच्या आयरिश मुलीशी त्याने पळून जाऊन लग्न केलं. पुढे मुलंबाळं, लंडनमध्ये खानावळ, ती बुडाल्यावर ब्रायटनला स्नानगृह. चढउतार होते, पण संसार झाला. किंवा एलिनॉर बटलर आणि सारा पॉन्सनबी घ्या. १७७८ मध्ये पुरुषांचे कपडे चढवून दोघी आयर्लंडमधल्या आपापल्या घरांतून पळाल्या आणि पकडल्या गेल्या. तरी हट्ट सोडला नाही. शेवटी वेल्समध्ये लँगोलेनला दोघी जवळजवळ पन्नास वर्षं एका घरात राहिल्या. त्या नात्याला काय म्हणावं यावर अभ्यासक भांडत असतात, पण एकत्र राहण्याबद्दल वाद नाही. शिवाय कोर्टकचेरी झाली की कागद तयार होतात. गुण्यागोविंदाने नांदणाऱ्यांचे कशाला होतील?

सोळाव्या वर्षीच्या लग्नाचं सांगायचं तर तुम्ही कायदा वाचलात, पण चर्चच्या नोंदी नाही वाचल्यात. इंग्लंडात मुलीला १२ व्या आणि मुलाला १४ व्या वर्षी लग्नाची मुभा होती, तीही थेट १९२९ पर्यंत. पण सर्वसाधारण बाईचं लग्न प्रत्यक्षात पंचविशीच्या आसपास व्हायचं. आधी नोकरी करून गाठीला चार पैसे बांधायचे, मग लग्न. लवकर लग्नं व्हायची ती बहुतेक बड्या घरांत. वर १७५३ च्या कायद्याने २१ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागू लागली, म्हणून तर प्रेमी जोडपी स्कॉटलंडच्या हद्दीतल्या ग्रेटना ग्रीनला पळायची. तेव्हा ‘मला वेळ हवा’ म्हणणारी सतरा वर्षांची मुलगी आजची नाही, त्याच काळातली आहे.

आता तुमचं खरं असलेलं. ‘सगळे गोडीगुलाबीने नाचतात आणि त्वचेच्या रंगाची कुणाला आठवणही होत नाही’ असं तुम्ही लिहिलंत, ते मलाही टोचलं, कारण असल्या दोन-तीन पुस्तकांची मी लेखात फार सहज भलामण केली होती. १८१० च्या आसपासच्या इंग्रजी दिवाणखान्यात चहा येतो तेव्हा त्यातली साखर बहुधा कॅरिबियनमधल्या गुलामांच्या कष्टाची असते. नायक कृष्णवर्णीय आणि साखरेबद्दल चकार शब्द नाही, हे मला लबाडीचं वाटतं. आणि गंमत बघा, खऱ्या इतिहासात कथेला लागणारा प्रसंग तयारच होता. १७९१ नंतर ब्रिटनमध्ये हजारो कुटुंबांनी गुलामगिरीचा निषेध म्हणून ही साखर खाणं सोडलं होतं आणि घरोघरी हा निर्णय बहुतेक बायकांनीच घेतला. पाहुण्यांसमोर कप पुढे आला आणि सोळा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘साखर नको.’ आई डोळे वटारते, समोरचा मुलगा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघतो. झाली ना प्रेमकथा सुरू? कुणाच्या तोंडी आजचं भाषण घालायची गरजच पडत नाही.

त्या भलामणीच्या परिच्छेदात दुरुस्ती करते आहे, उद्यापर्यंत दिसेल. फक्त एक सांगा, तुम्ही ‘अर्ध्यात फेकून दिलेलं’ पुस्तक कोणतं? माझ्या यादीतलंच असेल तर मी ते पुन्हा वाचून बघते.