हवाईयन गिटारवाले विस्मरणात का जातात आणि परत कसे येतात

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी १९६७ची. तिच्यात संतूर कुणी वाजवलं असं विचारलं तर शिवकुमार शर्मांचं नाव लगेच येतं. बासरी? हरिप्रसाद चौरसिया. तबला माणिकराव पोपटकरांचा होता, हेही जुन्या मराठी श्रोत्यांपैकी कुणीतरी अभिमानाने सांगतं. पण त्या सगळ्यामधून जी गिटार सतत सरकत जाते, ती कुणाची? इथे बैठक गप्प होते. ती ब्रिजभूषण काब्रांची. मूळचे जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. मांडीवर आडव्या ठेवलेल्या, म्हणजे हवाईयन गिटारवर पूर्ण राग मांडता येतो, हे त्यांनी त्या काळात सिद्ध करून दाखवलं. २०१८ मध्ये ते गेले.

असे वादक का विसरले जातात? ‘लोकांची आवड बदलली’ हे यावर नेहमीचं उत्तर, आणि मला ते अर्धवट वाटतं. आवड तर संतूरबाबतही बदलू शकली असती. हवाईयन गिटार वाजवणाऱ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी वारंवार घडल्या. त्यांचं नाव दुसऱ्याच्या गाण्याच्या सावलीत राहिलं, तारा कशा लावल्या हे कुणी लिहून ठेवलं नाही, आणि ते वाद्य वाजवण्याजोगं ठेवायला लागणाऱ्या बारीकसारीक वस्तू दुकानातून गेल्या. जे वादक परत आले, ते यातलं काहीतरी कुणीतरी चिकाटीने दुरुस्त केलं म्हणून आले.

आपल्याकडची सावली पाहा. सिनेमाच्या गाण्यात हवाईयन गिटारचा तुकडा असायचा, पण लेबलवर गायक, संगीतकार, गीतकार आणि सिनेमाचं नाव. वादकाचं नाही. ज्यांनी गाण्यांच्या धुना वाजवून स्वतंत्र रेकॉर्ड काढल्या, त्यांचं नाव निदान छापलं गेलं. मुंबईचे व्हॅन शिप्ले, एस. हजारा सिंग, कोलकात्याचे सुनील गांगुली, काझी नझरुल इस्लाम यांचे चिरंजीव काझी अनिरुद्ध, बटुक नंदी. या रेकॉर्डी घरोघरी होत्या आणि रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत वाजायच्या. पण निवेदक सांगायचा काय, तर अमुक सिनेमातल्या अमुक गाण्याची धून. वादक कुणी ऐकलाच नाही, ऐकलं ते गाणं. पुढे कीबोर्ड आला. त्याच्या कडेचं पिच बेंडचं चाक फिरवलं की सूर सरकतो, एका माणसाच्या बिदागीत चार वाद्यांचं काम होतं, मग गिटारवाल्याला बोलावणं बंद. रेडिओवरच्या त्या फटीही पुढे जाहिरातींनी भरल्या.

शास्त्रीय बाजूला वेगळा उपाय झाला. ‘हवाईयन’ या शब्दाला फिल्मी धुनांचा वास लागलेला, म्हणून वादकांनी वाद्यात तरफा-चिकारी (सतार-सरोदसारख्या गुंजणाऱ्या आणि झाल्याच्या जादा तारा) घातल्या आणि नावं बदलली. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, देबाशिष भट्टाचार्यांची चतुरंगी, कमला शंकर यांची शंकर गिटार. भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं आणि मांडीवरची गिटार पुन्हा वर्तमानपत्रांत आली. ते यश खरं आहे, कष्टाचं आहे. तरीही मला एक गोष्ट खटकते. नाव बदलल्यामुळे नवा श्रोता मागे वळून हजारा सिंगांपर्यंत पोचतच नाही. त्याला वाटतं हे वाद्य इथेच सुरू झालं.

सुरू झालं ते हवाईतल्या ओआहू बेटावर, लाइए गावात. तिथल्या जोसेफ केकुकू यांनी गिटारच्या तारांवर पोलादाचा तुकडा सरकवण्याची पद्धत घडवली, १९०४ मध्ये ते हवाई सोडून मुख्य अमेरिकेत गेले आणि जन्मभर ती शिकवत फिरले. त्याच लाइएमध्ये वाढलेले टाऊ मो बायको रोझसह अर्धं जग फिरले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कोलकात्यात होते. तिथल्या ग्रँड हॉटेलात वाजवत आणि शिकवतही. कोलकात्याच्या ‘अलोहा बॉइज’चे गार्नी निस त्यांच्याकडूनच शिकले. बंगालमध्ये हवाईयन गिटारची शिकवणी घरोघर रुजली, तिच्या मुळाशी हा माणूस होता.

आणि हाच माणूस पुढे पूर्ण विसरला गेला. १९२९ मध्ये टोकियोत ‘मॅडम रिव्हिएर्स हवाईयन्स’ या संचाच्या तबकड्या निघाल्या होत्या. संग्राहक त्या जिवापाड जपायचे, पण लेबलवर नाव होतं ते संचाचं. अमेरिकेतले गिटारवादक बॉब ब्रॉझमन यांना एक दिवस लाइएहून पत्र आलं, तुमची रेकॉर्ड पाठवा म्हणून. पत्र टाऊ मो यांचं. त्या तबकड्यांवरची गिटार आपणच वाजवल्याचा उल्लेख त्यात होता. ब्रॉझमन हवाईला गेले आणि मो कुटुंबासोबत त्या काळातली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. १९८९ मध्ये ती ध्वनिमुद्रणं निघाली, तेव्हा टाऊ मो ऐंशीच्या घरात होते. हेच ब्रॉझमन पुढे देबाशिष भट्टाचार्यांबरोबर वाजवायला बसले आणि २००३ मध्ये ‘महिमा’ आलं. लाइए ते कोलकाता आणि कोलकाता ते पुन्हा पॅसिफिक, असा धागा जुळला तो एका पोस्टाच्या पत्रामुळे.

हवाईतही हीच गत होती, हे आपल्याकडे फारसं माहीत नाही. वाद्य त्यांचं, पण १९७०च्या सुमारास तरुण वादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ओहायोत जन्मलेले जेरी बर्ड १९७२ मध्ये होनोलुलूला राहायला गेले आणि स्थानिक मुलांना शिकवू लागले. अॅलन अकाका आणि केसी ओल्सन हे त्यांचे विद्यार्थी. बर्ड यांनी मुलांच्या हाती दिलं ते ट्युनिंग, एकेका तारेचा सूर सांगून. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर काय झालं होतं? बड आयझॅक्स यांनी एका गाण्यात पायाच्या पेडलने, वाजत असतानाच, तारेचा सूर वर ओढला. ते गाणं १९५४ मध्ये गाजलं आणि बिनपेडलची गिटार वाजवणारे भराभर जुने ठरले. बर्ड पेडलकडे गेले नाहीत. म्हणून बिनपेडलची विद्या त्यांच्याकडे शाबूत राहिली.

अमेरिकेतल्या ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय चर्चमध्ये १९३०च्या दशकापासून स्टील गिटार, म्हणजे हीच पोलादाच्या तुकड्याने वाजवायची गिटार, दर रविवारी वाजते आहे. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. १९९७ मध्ये अर्हूली कंपनीने ती ध्वनिमुद्रणं काढली तेव्हा जग चकित झालं. तिथले वादक मात्र कधी संपलेच नव्हते, कारण दर आठवड्याला त्यांना काम होतं.

आता ट्युनिंग. सगळ्यात जास्त नुकसान इथे झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडे शिकवणीत बहुतेक वेळा ए मेजर असे: ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. सरगमीत मांडलं तर प सा प सा ग प. बार, म्हणजे तो पोलादाचा तुकडा, सरळ ठेवला की कुठेही मेजर कॉर्ड (सा ग प एकत्र). गैरसोय ही की सरळ बारवर मायनर (कोमल गंधाराची कॉर्ड) सापडत नाही, त्यासाठी बार तिरका धरावा लागतो. जेरी बर्ड यांचं आवडतं सी सिक्स्थ म्हणजे सी, ई, जी, ए, सी, ई, अर्थात सा ग प ध सा ग. यात वरच्या तीन तारा ध सा ग आहेत, म्हणून सरळ बारवरच मायनर मिळते. एकच गाणं या दोन ट्युनिंगमध्ये पूर्ण वेगळ्या हाताने वाजतं. वादकाचं ट्युनिंग माहीत नसेल तर त्याची नक्कल करणारा तिरके बार मारत दमतो, आणि वाद्य अवघड आहे असं समजून सोडून देतो.

माळ्यावर वडिलांची किंवा काकांची हवाईयन गिटार असेल तर आधी घोडीच्या (पोटावर डिंकाने चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा) मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहा. कागद आत गेला तर डिंक सुटलाय, तारा चढवू नका. साध्या गिटारच्या ट्युनिंगवरून ए मेजरला जाताना चौथी, तिसरी आणि दुसरी अशा तीन तारा एकेक पूर्ण सुराने वर ओढाव्या लागतात. त्या तारांवरचा ताण जवळजवळ सव्वापट होतो, जुनी घोडी उखडते ती यामुळे. त्याऐवजी जी मेजर लावा: डी, जी, डी, जी, बी, डी. इथे सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक सुराने उतरते. बोटांच्या जागा ए मेजरसारख्याच राहतात, फक्त सगळं एक सूर खाली.

साधी गिटार हवाईयन करायची असेल तर मेरूवर (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी) उंच नट बसवा, तारा पडद्यांपासून ८ ते १० मिलिमीटर वर आल्या पाहिजेत. इथे बहुतेक जण एक चूक करतात. नट सपाट असतो, पण घोडीवरची हाडाची पट्टी गोलाईची असते आणि बार तर सरळ. मग मधल्या तारा बारला टेकतात, कडेच्या टेकत नाहीत आणि खरखर येते. पट्टीही सपाट घासून घ्या. बार पडद्याच्या मागे नाही, बरोबर पडद्याच्या रेषेवर यायला हवा. बारच्या मागे अनामिका आणि करंगळी तारांवर हलकी टेकलेली राहू द्या, नाहीतर मागची तार स्वतःचा वेगळा सूर काढते. ट्यूनरवर हिरवा दिवा लागला तरी गंधाराची तार कानाला टोचते. ती सुमारे १४ सेंटने (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) उतरवा. स्वयंभू गंधार तिथे आहे, आणि जुन्या रेकॉर्डींमधल्या कॉर्डना जो गोडवा आहे तो बराचसा या तारेचा.

तबकड्यांबाबत. लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा थेंब टाका, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा. सुई ७८चीच हवी. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासते आणि फक्त खरखर उचलते. वेगाकडे लक्ष द्या. ८०च्या वेगाने कापलेली तबकडी ७८ने वाजवली तर सूर सुमारे ४४ सेंट उतरतो, म्हणजे जवळजवळ पाव सुराने. त्यावरून ट्युनिंग ओळखायला गेलात तर चुकीचं उत्तर निघेल. साथीला हार्मोनियम किंवा पियानो असेल तर त्याच्या पट्टीवरून वेग पक्का करा. मग एक तुकडा पुन्हा पुन्हा ऐका आणि बार उचलल्यावर जी मोकळी तार वाजते ती टिपा. सगळ्यात खालचा मोकळा सूर सापडला की अर्धं काम झालं.

सब्लाइम फ्रिक्वेन्सीज या अमेरिकी कंपनीने २००८ मध्ये ‘बॉलिवूड स्टील गिटार’ संच काढला आणि व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, काझी अनिरुद्ध ही नावं परदेशातल्या तरुणांच्या तोंडी आली. त्याच वर्षी व्हॅन शिप्ले मुंबईत गेले. जे काम आपण करायचं ते सिएटलमधल्या लोकांनी केलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तबकड्या इथे आहेत, त्या वादकांकडे शिकलेली माणसं इथे आहेत आणि आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर मुलाखतीआधी त्यांच्या मांडीवर गिटार ठेवा. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत एकेक मोकळी तार छेडायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा, अर्धा मिनिट पुरतो. मग हात वरून दिसेल असा फोन धरून एक संथ धून घ्या, बार तिरका होतो तो क्षण दिसला पाहिजे. लेबलच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांकही टिपा. इंटरनेटवर चढवताना आधी वादकाचं नाव लिहा, मग ट्युनिंग, मग वर्ष, आणि सिनेमाचं नाव त्यानंतर.