अर्जातला मोबाईल नंबर कोणाचा?

आज दुपारी नाशिकला शरणपूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात पेठ तालुक्यातली एक मुलगी रडत होती. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख तोंडावर आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज गावच्या आपले सरकार सेवा केंद्रात भरून 17 दिवस झालेले. दुकानदाराने आयडी टाकून बघितलं, तर अर्ज चौथ्याच दिवशी त्रुटीत परत आलेला. स्कॅन अस्पष्ट. तिला पत्ताच नाही, कारण अर्जात मोबाईल नंबर केंद्रचालकाचा होता.

हे सर्रास चालतं. ओटीपीसाठी समोरच्याला थांबवायला नको म्हणून केंद्रवाला स्वतःचाच नंबर टाकतो. मग त्रुटीचा मेसेज त्याच्या फोनवर, शेकडो मेसेजांत. स्कॅनचंही तसंच. आपले सरकार पोर्टलला कागद 75 ते 500 केबीत लागतो, फोटो 5 ते 20 केबीत. स्कॅनर बंद, म्हणून मोबाईलवर फोटो काढतात आणि साईज बसेपर्यंत दाबतात. तलाठ्याचा अहवाल वाचता येत नाही आणि तहसीलचा कारकून अर्ज परत पाठवतो. त्याचं काय चुकलं?

खरी गोम पैशांत आहे. अर्ज सबमिट झाला की केंद्राच्या वॉलेटमधून रक्कम कापली जाते, केंद्राचा वाटा तिथेच ठरतो. दाखला मिळाला काय, न मिळाला काय! केंद्र चालवणाऱ्या खाजगी भागीदाराला अर्जामागे पैसे देणार असाल तर तो अर्जच भरणार. दाखला हातात पडल्यावर वाटा द्या, मग बघा त्रुटी त्याच दिवशी निघते की नाही.

2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात मुदत चुकली तर दंड आहे, 500 ते 5000 रुपये. पण तो पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे दाखला देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला. केंद्राची आयडी बंद करता येते म्हणे. ती कोणी करायची आणि कधी?

पूर्वी एका दाखल्यासाठी तहसीलला चार खेटे आणि वर एजंट, हे मान्य. केंद्रामुळे ते कमी झाले, तेही मान्य.

त्या मुलीकडून 200 रुपये घेतले होते. शुल्क 69 आहे: 50 सेवाशुल्क, त्यावर जीएसटी, वर 10. दरपत्रक भिंतीवर नव्हतं. संताप येतो. पण त्या केंद्रावरच्या पोराचंही ऐका. 2016 च्या व्यवस्थेत ग्रामपंचायतीच्या निधीतून केंद्रामागे महिन्याला 12,331 रुपये जायचे आणि संगणक परिचालकाच्या हातात साधारण 6 हजार पडायचे, तेही महिनोन्‌महिने थकून. उरलेल्यात कागद, शाई, देखभाल, प्रशिक्षण. पेठ-सुरगाण्यात नेट गेलं की तो रात्री अर्ज भरत बसतो. त्याच्यावर ओरडून काय होणार?

आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी, कामावर येणाऱ्या मावशींच्या पोरांना दाखला लागत असेल तर एवढं करा. आपले सरकार पोर्टलवर त्यांच्याच नंबरने नोंदणी करून द्या. केंद्रातच भरायचा असेल तर सबमिट करण्याआधी स्क्रीनवर नंबर वाचून घ्या. पावती सोडू नका. अर्ज क्रमांक, तारीख आणि मुदत त्यावर असायलाच हवी, कायद्यात तसं आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज स्टेटस बघा. मुदत उलटली तर 30 दिवसांत पहिलं अपील.

त्या मुलीचा तलाठी अहवाल दुकानदाराने नीट स्कॅन करून दिला. पण त्रुटी केंद्राच्याच लॉगिनमधून निघते. संध्याकाळच्या एसटीने ती पेठला गेली.