आयत्या बिळावर अकरा महिने

बॉल पायथन घेतलात? उत्तम. साप आधी आणि घर नंतर, हाच शहाण्या माणसाचा क्रम. घरं काय, बडोद्यात पायलीला पन्नास.

फक्त साप देशी नाही ना, तेवढं पाहा. नाग, धामण किंवा आपला गावठी अजगर पाळलात तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तुमच्या राहण्याची सोय स्वतःच करेल, तीही डिपॉझिट न घेता. तुमचा पाहुणा आफ्रिकेतला, म्हणजे 2024 च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. ती केली असेल तर घरात निदान एकाचे कागद धड आहेत. तुमच्या आधारवर अजून दोन घरांमागचा पत्ता आहे. हा नोंदणीचा कागद मालकांना मात्र चुकूनही दाखवू नका. प्रामाणिक माणसाला घर मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जागा शक्यतो दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात, मराठी मालकांची बघा. आपली माणसं, आपली भाषा, आणि चौकशाही आपल्याच. खोटं एक अक्षर बोलायची गरज पडत नाही.

"घरात कोण कोण?"

"मी आणि एक छोटा."

"शाळेत जातो?"

"नाही काका, घरीच असतो. दिवसा झोपतो. आवाज नाही, पळापळ नाही."

"आणि खाण्यापिण्याचं?" काकू आतून विचारतात.

"आठवड्यातून एकदा खातो."

"अगंबाई! एवढ्या लहान वयात उपास?"

इथे नम्रपणे खाली बघावं. भाडं पाचशेने उतरतं.

खरी परीक्षा पुढच्या प्रश्नात असते: "व्हेजच ना?" तुम्ही शाकाहारी आहातच. अंडंसुद्धा घरात आणत नाही. बोर्डावर "ओन्ली व्हेजिटेरियन" लिहिणाऱ्या सोसायटीला आणखी काय हवं? राहता राहिले फ्रीझरमधले उंदीर. ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवा. श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड नसतं हे मराठी घरातलं शेंबडं पोरही जाणतं. कोथिंबीर असेल, खोवलेला नारळ असेल, म्हणून कुणी उघडून बघत नाही. फक्त डब्यावर "आम्रखंड" लिहिलेलं नसावं. काकूंना ते फार आवडतं. उंदीर कोमट पाण्यात सोडून वितळवा. मायक्रोवेव्हमध्ये नको, तो फुटतो, आणि मायक्रोवेव्ह मालकांचा आहे.

उन्हाळ्यात एसी दिवसभर का चालतो, असं काका विचारतील. पारा 42 वर गेला की या जनावराचं काही खरं नसतं, त्याला उबेच्या कोपऱ्यातही 32 अंश पुरतात. तुम्ही "कॉम्प्युटर तापतो" म्हणा.

आता एक गैरसमज. काका गच्चीत बसून मगरींच्या गोष्टी सांगतात, ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीतली मगर कशी वस्तीत शिरली, पोरांनी कसे व्हिडिओ काढले. आवाजात असा अभिमान, जणू मगर त्यांच्याकडेच उतरली होती. म्हणून तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाला साडेतीन फुटांचा साप काय जड? तर तसं नाही. मगर पूर ओसरल्यावर जाते. तुम्ही करार मागताय.

करार अकरा महिन्यांचाच असतो, कारण वर्षाच्या वरचा नोंदवावा लागतो आणि नोंदणीला खर्च येतो. बॉल पायथन नीट सांभाळला तर सहज पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे अठ्ठावीस करार, आणि दर वेळी घर बदललंत तर अठ्ठावीस वेळा दलाली. सापाची किंमत विचारताना हा आकडा कुणी सांगत नाही. असो.

पेटीचं झाकण एखाद्या रात्री उघडं राहणारच. घाबरून साप साप म्हणून भुई धोपटू नका. उबदार आणि अरुंद जागा शोधा: फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, इस्त्रीच्या कपड्यांच्या चळतीत. तिथेही नसेल तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहा. रात्री त्याचं नाव घेऊ नये, "लांबडं" म्हणावं, ही आजीची शिकवण इथे कामी येते. "माझा तपकिरी, नक्षीदार पट्टा हरवला आहे. सापडल्यास कृपया कमरेला बांधू नये."

तरीही एक दिवस बिंग फुटतं. कधी फुटावं हे मात्र तुमच्या हातात आहे, आणि त्याबाबत बडोद्यासारखं गाव नाही. इथे नागपंचमी दोनदा येते. आपली श्रावण शुद्ध पंचमीला, आणि पंधरा दिवसांनी वद्य पंचमीला शेजारच्या गुजराती बेनची नागपांचम. या पंधरवड्यात तुमचा भाडेकरू देव असतो. तेव्हा पहिल्या पंचमीलाच काकूंना वर बोलवा. त्यांनी सकाळपासून विळीला हात लावलेला नसतो, तवा चढवलेला नसतो, पाटावर गंधाने नऊ नाग काढलेले असतात. पेटीवरचं फडकं बाजूला करा आणि म्हणा, "काकू, हा आमचा छोटा."

काकू किंचाळतील, मग हात जोडतील, मग खाली जाऊन वाटीभर दूध आणि ताटलीत पुरणाची दिंडं घेऊन येतील. सापाला दूध पचत नाही, ते तुम्ही प्या. खालून काकांचा आवाज येईल. ते दलालाशी फोनवर बोलत असतील. दिंडं गरम आहेत तोवर तुपाबरोबर खाऊन घ्या. खोकी काय, संध्याकाळीही बांधता येतात.