डब्बा माझा होता

आज डोकं इतकं तापलंय की सैपाक झाल्याबरोबर मोबाईल घेऊन बसली आहे, भांडी तशीच पडली आहेत, पडू द्या. कमेंटमध्ये मला समजावायला कोणी येऊ नका, आधीच सांगून ठेवते.

तर झालं असं. आज रविवार, पुतणीला पाहायला नेरवरून पाहुणे आले. सांगितले होते सहा, उतरले अकरा. मी आतल्या खोलीत पोरीला साडी नेसवून देत होती, निऱ्या काही केल्या बसत नव्हत्या, आणि बाहेर पोहे संपले. मी बाहेर येऊन पाहते तर काय, माझा स्टीलचा डब्बा ओट्यावर उघडा, आतून चाटूनपुसून रिकामा, आणि बैठकीत अकरा प्लेटांत माझं ओट्स-लाह्यांचं ग्रॅनोला. वरून कांदा. सांबार, म्हणजे कोथिंबीर. शेव. लिंबाची फोड. मला वाटलं मी स्वप्नात आहे. आणि त्यातले एक काका, पांढरी टोपी, मोठ्या मायेनं म्हणतात, "चिवडा चांगला हाय बाई, पण गोड काऊन लागून राह्यला? मीठ टाकायले इसरल्या वाटते."

आठ दिवसांचं होतं ते. आठ दिवसांचं माझं चार वाजताचं खाणं. दर शनिवारी रात्री सगळे झोपले की मी कढई चढवते आणि दीड तास उभी राहते, कारण दिवसा गॅस माझ्या वाट्याला येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. फेब्रुवारीत तपासणी केली तेव्हा वजन 74 किलो, उंची पाच फूट एक इंच, आणि ती तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर असते ना, ती 6.1. डॉक्टर म्हणाले 6.5 ला डायबेटीस म्हणतात मॅडम, तुम्ही त्याच्या दारात उभ्या आहात, आणि कंबर 80 सेंटिमीटरच्या आत आणा. माझी कंबर किती होती ते मी फेसबुकवर लिहिणार नाही. तेव्हापासून दिवसाला 1400 कॅलरी, मोबाईलमधल्या ॲपमध्ये सगळं लिहून, पहाटे पाच वाजता साडीवर स्पोर्ट शूज घालून पांदणीनं चालणं. पहिले पंधरा दिवस गावातली कुत्री मागे लागायची, मग कुत्र्यांना सवय झाली, माणसांना अजून नाही झाली. चार महिन्यांत साडेपाच किलो उतरले. आणि हे सगळं टिकलं ते त्या एका डब्ब्यामुळे, कारण शाळेतून आल्यावर चारच्या भुकेला मी पूर्वी काय काय खायची ते मलाच माहीत. रात्रीची पोळी, त्यावर तेल-तिखट, मग अजून एक.

हे सांगितलं तर आमचे हे काय म्हणतात? "एवढं काय त्यात, चिवडाच त होता. अजून करून घे."

करून घे. बरं.

मला आज दिवसभर माझ्या मायचा डब्बा आठवतोय. मी आठ-नऊ वर्षांची असेन. चौदा माणसांचं घर, माय सगळ्यांच्या शेवटी जेवायची, कधी भाजी उरायची, कधी नुसतं भाकर आणि ठेचा. आम्हा पोरांचा खेळ म्हणजे ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात खुपसायचा, थंडगार लागते ज्वारी आतून. तसा हात खुपसला आणि बोटांना पत्रा लागला. डालड्याचा लहान डब्बा, ज्वारीत गाडून ठेवलेला. उघडला तर ज्वारीच्या लाह्या, फल्लीदाणे, गूळ. मला काय अक्कल? मी तो डब्बा डोक्यावर धरून ओसरीवर पळत गेली, "मायचा खाऊ सापडला, मायचा खाऊ सापडला." ओसरीवर आजी होती, बाबा होते, दोन काका होते. बाबा हसले. आजी म्हणाली, "सुनेले घरचं अन्न पुरत नाही वाटते." माय सैपाकघराच्या दारात आली, काही बोलली नाही, डब्बा माझ्या हातातून घेतला आणि आम्हा पोरांच्या मध्ये ठेवून दिला. आम्ही पाच मिनिटांत संपवला.

पुन्हा कधी तिनं डब्बा ठेवला नाही. मी शोधला ना, लय वेळा शोधला.

असो. लोक विचारतात ग्रॅनोला म्हणजे काय म्हणून सांगते, काही बाहेरदेशी जादू नाही ती. ओट्स, दाणे, बिया, थोडं गोड, थोडं तेल, भाजून कुरकुरीत केलेलं, दह्यात नाहीतर दुधात टाकून खायचं. यवतमाळला एका दुकानात तयार पाकीट पाहिलं होतं, वर हिरवं पान काढलेलं, हेल्दी वगैरे. मागे वाचलं. जिन्नस जास्तीकडून कमीकडे अशा क्रमानं लिहितात पाकिटावर, ओट्सनंतर लगेच साखर, साखरेनंतर तेल. म्हटलं हे तर आमच्या शंकरपाळ्यांचंच कुटुंब निघालं. ठेवून दिलं परत.

मग माझं मी बसवलं. पहिल्या वेळी जाळलं. कारण कोणी सांगत नाही की ते गरम असताना मऊच लागतं, थंड झाल्यावर कुरकुरीत होतं, आणि आपण वेड्यासारखे अजून थोडं, अजून थोडं करत भाजत राहतो आणि गूळ कडू होऊन जातो. दुसऱ्या वेळी लाह्या आधी टाकल्या, त्या गुळाच्या पाण्यात चामड्यासारख्या झाल्या. आता हात बसला. ओट्स 100 ग्रॅम, लोखंडी कढईत मंद आचेवर कोरडेच, सराट्यानं हलवत, वास सुटेपर्यंत. ते काढून फल्लीदाणे 30 ग्रॅम भाजून जाडसर कुटायचे, अर्धे केले की दिसायला जास्त दिसतात, माझ्यासारख्या हावरट माणसाला हे लय कामाचं. जवस 20 ग्रॅम, तडतडले की उतरवायचं आणि मिक्सरमधून एकच फेरा, सबंध ठेवलं तर जसंच्या तसं बाहेर. तीळ 20. कोहळ्याच्या बिया मूठभर, भाजी केली की मी फेकू देत नाही, धुऊन गच्चीवर वाळवते, सासूबाई म्हणतात सूनबाईनं कचऱ्याचं बी दुकान लावलं. मग गूळ 30 ग्रॅम, दोन चमचे पाण्यात विरघळवून, त्यात चहाचा एक चमचा तेल, एकच, आणि वेलची. सगळं परत कढईत, आणि गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी 50 ग्रॅम ज्वारीच्या लाह्या. परातीत पसरवून पंख्याखाली.

तेलाचा चमचा मी जिवावर उदार होऊन मोजते कारण तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, गोडाच्या एका ग्रॅमला 4. आपल्या घरात तेल मोजत नाहीत, बुधलीतून धार सोडतात. आणि गूळ हेल्दी, गूळ हेल्दी म्हणून जे पाव किलो गूळ टाकतात ना लाडवात, त्यांनी ऐकून घ्या, साखरेत आणि गुळात कॅलरीचा फरक नाहीच्या बरोबर. गूळ चांगला लागतो म्हणून टाका, औषध म्हणून नका टाकू.

आता शहाणी माणसं येतील, आमचा एक चुलतदीर आहेच, की वहिनी हिशोब करा, तुमचं ग्रॅनोला वजनाला वजन लावलं तर बाजारच्यापेक्षा काही फार कमी कॅलरीचं नाही. हो, नाही. दाणे आणि तीळ आहेत तर कसं होईल. केला हिशोब, सगळं मिळून 1200 च्या आसपास, त्यात माझ्या नऊ वाट्या होतात. पण लाह्या हलक्या असतात भाऊ, माझी वाटी तीस ग्रॅममध्ये काठोकाठ भरते, पाकिटातल्याची वाटी भरायला दुप्पट वजन लागतं. मी डोळ्यांनी जेवणारी बाई आहे. मला भरलेली वाटी पाहिजे. 130-135 कॅलरीत भरलेली वाटी, वर घरचं पातळ दही, संपला विषय.

आणि ओट्स आपल्या बापजाद्यांनी पेरले नव्हते हेही मान्य, पुढच्या वेळी नुसत्या लाह्यांचं करून पाहीन. पण लाह्या तरी आता कुठे सोप्या राहिल्या? आमच्या शिवारात नजर टाका, कपाशी आणि सोयाबीन, सोयाबीन आणि कपाशी. ज्वारी पेरली तर रानडुकरं ठेवत नाहीत, त्यांच्यातून वाचली तर पाखरं, आणि ऐन कणसात पाणी आलं तर काळी पडते. 2023 ला मिलेट वर्ष म्हणून शाळेत आम्ही पोस्टर काढले, भाषणं केली, पोरांना ज्वारीचे फायदे पाठ करायला लावले, आणि मधल्या सुट्टीत त्याच पोरांच्या हातात पाच रुपयाचं कुरकुरीत पाकीट. मी लाह्यांसाठी गावरान ज्वारी वेगळी मागवते एका ओळखीच्या माणसाकडून, नागपंचमीला करतो तशीच करते, गरम पाणी मारून रात्रभर कपड्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी तापलेल्या कढईत एकेक मूठ टाकून फडक्याच्या पुरचुंडीनं दाबत फिरवायची. बोटं भाजतात. ते अकरा लोक प्लेटांत जे चाळवत होते ना, ती माझी बोटं होती.

परत संताप आला.

कारण गोष्ट चिवड्याची नाहीच आहे हो. आमच्या ह्यांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा कोणी पाहुण्यांसमोर ठेवत नाही. मामंजींच्या च्यवनप्राशच्या बरणीला घरात कोणी हात लावत नाही, पोरगा त्याच्या प्रोटीनच्या डब्ब्यावर झाकण नीट नाही लावलं तरी बोंब मारतो आणि सगळे म्हणतात, वाढतं वय आहे. मग माझा डब्बा काऊन सगळ्यांचा? बाईनं घरात स्वतःपुरतं काही ठेवलं की ते एक तर चोरून ठेवलेलं असतं नाहीतर सगळ्यांचं असतं, तिसरं काही असतच नाही. त्या चुलतदिराची बायको आज मला म्हणते, "वजन कमी करून कोणत्या पिच्चरमंधी जाचं हाय ताई?" मी म्हटलं, "डायबेटीसच्या लाइनीत नाही जायचं म्हणून करते वं." तर म्हणे, "होते त होते, सगळ्यायलेच होते." तिच्या आईचा पाय कापला मागच्या वर्षी. मी बोलली नाही, पण ओठावर आलं होतं.

हो, पाहुणे आल्यावर घरात जे असेल ते पुढं करावं लागतं, मलाही कळतं, मीही हेच केलं असतं. पण एकदा विचारलं असतं तर मी दुकानातून दोन पुडे आणवले असते ना.

दुपारी पाहुणे गेल्यावर मी भांडी आपटत होती. सासूबाई ओट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता ऐकवतील. त्या म्हणाल्या, "तुह्या जेवणाचं हाय ते मले का माहीत? मले वाटलं पोरायसाठी केलं." मी म्हटलं, "आई, डब्ब्यावर चिठ्ठी लावली होती ना, माझं नाव लिहून." तर म्हणतात, "मले कोठी वाचता येते?"

वीस वर्षं झाली या घरात. हजार पोरांना बाराखडी शिकवली असेल मी. आणि चिठ्ठी लावताना हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मग त्या तिथंच बसल्या आणि हळूच म्हणाल्या की मीही रोज एक चिमूट खात होती, तू शाळेत गेल्यावर, दातानं चावत नाही पण लाह्या विरघळते तोंडात. म्हणजे दर आठवड्याला माझी नववी वाटी कुठे जात होती ते आज कळलं, मी ॲपला दोष देत होती. हसू आलं मला. राग होताच, पण हसू आलं.

संध्याकाळी मायला फोन लावला. सत्तरीच्या पुढे आहे, ऐकू कमी येते, ओरडून सगळं सांगितलं, पाहुणे, प्लेटा, टोपीवाले काका. ती हसली. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या डालड्याच्या डब्ब्याचं काढलं. म्हटलं माय, मी तेव्हा ओसरीवर नव्हतं न्यायला पाहिजे. पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं फोन कटला. मग म्हणते,

"तू म्हणून राह्यली त्यात गूळ होता. गूळ नव्हता वं. गूळ तुह्या आजीच्या पेटीत, कुलपात. नुसत्या लाह्या आन फल्लीदाणे होते, फल्लीदाणे बी मी वावरातून वटीत आणले होते."

चाळीस वर्षं मी त्या डब्ब्यात गूळ टाकून ठेवला होता. आणि इथं मी 30 ग्रॅम गूळ वजनकाट्यावर तोलून तोलून कमी करून राह्यली.

मी काय बोलू मला कळेना. तर तीच म्हणाली, "तो डब्बा हाय अजून. बटनं, सुया हायेत त्यात. पाह्यजे काय तुले?"

म्हटलं पाह्यजे.

मंगळवारी भाऊ यवतमाळला येणार आहे, त्याच्याजवळ देते म्हणे, बटनं काढून.